रोबो येईल तेव्हा येईल, कॅमेरा आधीच आलाय

ऑक्टोबर 2025 मध्ये वनएक्स नावाच्या कंपनीने, म्हणजे मूळची नॉर्वेची आणि आता अमेरिकेत बस्तान बसवलेली कंपनी, नियो नावाच्या माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोचं बुकिंग सुरू केलं आणि तो व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर इतक्यांदा फिरला की शेवटी ॲडमिनने हात जोडले. किंमत 20,000 डॉलर, म्हणजे आपले सतरा-अठरा लाख, नाहीतर महिना 499 डॉलर भाडं. कपड्यांच्या घड्या घालतो, भांडी उचलून ठेवतो, दार उघडतो. ग्रुपवर सगळ्यांचा सूर एकच, चला, आता मावशींच्या दांड्यांची कटकट संपली म्हणायची.

कसली संपतेय. आपल्याकडची घरं स्मार्ट व्हायला लागून आता बरीच वर्षं झाली, आणि एवढ्या काळात भांडी घासायचं काम कुठे गेलं नाही, केरफरशी गेली नाही, पोळ्या गेल्या नाहीत. गेलंच असेल काही तर भांडी घासणाऱ्या बाईला कुणी टक लावून न बघता काम करायची जी थोडीफार मुभा होती ती गेली. काम जिथल्या तिथे राहिलं आणि त्याच्यावर पहारा तेवढा बसला. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे घरातलं ऑटोमेशन हे काम कमी करायला येतच नाहीये, ते काम करणाऱ्यावर नजर ठेवायला येतंय, आणि उद्या खरोखरचा रोबो आला तरी तो याच वाटेने येणार, तेव्हा त्याचे नियम आत्ताच ठरवायला हवेत.

आता हे जरा सावकाश बघू, कारण लगेच कुणीतरी म्हणणार की तुम्हाला टेक्नॉलॉजीच नको आहे. मला वॉशिंग मशीन हवंय, मिक्सर हवाय, गिझर हवाय, आणि डिशवॉशर परवडला की तोही हवाय. आपल्या आज्यांनी पाटा-वरवंट्यावर वाटण वाटलंय, विहिरीवरून पाणी आणलंय, त्यात काही गोड नव्हतं, ते गेलं ते बरंच झालं. प्रश्न असा की ही जुनी मशीनं घराघरात गेली तशी नवी का जात नाहीत.

त्याचं उत्तर हिशोबात आहे. आमच्या भागात भांडी आणि केरफरशी मिळून महिना दीड-दोन हजारात होतं. चांगला रोबो व्हॅक्यूम, म्हणजे घरभर आपोआप फिरून केर काढणारं मशीन, पंचवीस-तीस हजाराच्या खाली येत नाही, डिशवॉशर पस्तीस-चाळीसच्या पुढेच. म्हणजे नुसता रोबो घ्यायला जेवढे लागतात तेवढ्यात एक बाई वर्ष-दीड वर्ष येते, आणि ती बाई सोफा सरकवते, पायपुसणं झटकते, गॅसखालचं पुसते, सांडलेलं दूध दिसलं तर न सांगता पुसते. रोबोला आमच्या घराचा उंबरठाच चढता येत नाही. मोरीपाशी ओलं असलं की चाकं घसरतात, चार्जरची वायर दिसली की गिळतो, दिवाळीत दारातली रांगोळी म्हणजे त्याच्या दृष्टीने कचराच. डिशवॉशरवाल्या कंपन्यांनी आपल्यासाठी खास कढईचा प्रोग्रॅम काढला हे कबूल, पण कुकर, कढई, तवा, परात आणि वर पाहुणे आले तर पातेली एवढं सगळं एकदम मावेल असा डिशवॉशर मी अजून बघितलेला नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मात्र एकदम सगळ्यांना डिशवॉशर आणि रोबो व्हॅक्यूम आठवले होते, दुकानात मिळेनासे झाले होते, कारण सोसायट्यांनी बायकांना गेटवरच अडवलं होतं. जशा बायका परत आल्या तसे बऱ्याच घरातले रोबो पलंगाखाली गेले. यातून काय दिसतं? माणसाची मजुरी स्वस्त असेल तोवर मशीन विकत घ्यायचं कारणच उरत नाही. यात आपण काही जगावेगळे नाही, सगळीकडे असंच असतं, फक्त आपल्याकडे मजुरी जरा जास्तच स्वस्त आहे आणि ती तशीच राहावी अशी आपली सगळ्यांची मनापासून इच्छा आहे, बोलत नाही कोणी.

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे रोटीमॅटिक. प्रणोती नागरकर आणि ऋषी इसरानी या जोडप्याने सिंगापुरात बसून वर्षानुवर्षं खपून हे मशीन बनवलं, कणीक-पाणी-तेल घातलं की आतल्या आत मळून, लाटून, भाजून एकेक फुलका बाहेर येतो. 2016 च्या सुमारास ते बाजारात आलं, किंमत हजार डॉलरच्या घरात. गाजलं कुठे, तर अमेरिकेतल्या आपल्या लोकांत. न्यू जर्सीतल्या मराठी घरात पोळ्यांना काकू मिळत नाहीत आणि मिळाल्या तर परवडत नाहीत, म्हणून तिथे मशीन. पुण्यात गल्लीगल्लीत पोळीभाजी केंद्र आहे आणि घरी येऊन पोळ्या लाटून देणाऱ्या काकू आहेत, म्हणून इथे मशीनला कोण विचारतो. शिवाय त्याला घडीची पोळी येत नाही, हा वेगळा आणि माझ्या आईच्या मते त्याहून गंभीर मुद्दा.

मग आपल्याकडे स्मार्ट होम म्हणून विकलं काय जातं? आजूबाजूला बघा. दीड-दोन हजारांचा वायफाय कॅमेरा, दाराला कॅमेरावाली बेल, बोटाच्या ठशाचं कुलूप, आणि सोसायटीच्या गेटवर ॲप. आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांच्याकडे डिशवॉशर आहे अशी घरं एका हाताच्या बोटांवर, आणि ज्यांच्या हॉलमध्ये किंवा ओट्यावर कॅमेरा नाही अशी घरं शोधावी लागतात. स्वस्त आणि मस्त, दोन स्क्रू मारले की झालं, काम करत नाही पण बघत राहतो.

गेटच्या ॲपचं जरा तपशिलात सांगतो, कारण आपण आत राहणारे त्या बाजूने कधी बघत नाही. मावशी सकाळी येते, गेटवर टॅबलेट असतो, त्यात तिने आपला कोड टाकायचा किंवा चेहरा दाखवायचा. आमच्याकडे आधी अंगठ्याचं मशीन होतं, ते चालेना, कारण वर्षानुवर्षं भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी वापरून बोटांवरच्या रेषाच झिजल्यात, रेशनच्या दुकानातही त्यांच्यापैकी बऱ्याच जणींचा हाच घोळ होतो. म्हणून चेहऱ्याचं मशीन आणलं. पावसाळ्यात डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन आलेली बाई त्या मशीनला ओळखू येत नाही, मग खोळ काढा, केस मागे घ्या, परत उभ्या राहा, मागे बाकीच्या बायकांची लाइन, आणि वर तिसऱ्या मजल्यावरची ताई फोन करणार की मावशी आज सव्वाआठ झाले. तिला कसं कळलं सव्वाआठ? तर फोनवर मेसेज आला ना, तुमची मदतनीस आत आली. महिन्याच्या शेवटी त्याच ॲपमध्ये हजेरीचा तक्ता निघतो, लाल ठिपके म्हणजे खाडे, त्याप्रमाणे पगार कापायचा. शिवाय तिला स्टार द्यायची सोय आहे, पाचपैकी किती, आणि ते स्टार पुढचं घर बघतं.

मावशीला मात्र घराला स्टार देता येत नाहीत. दिवाळीला बोनस म्हणून जुनी साडी देणारं घर, सुट्टी घेतली की आठ दिवस तोंड फिरवणारं घर, हे पुढच्या बाईला कळायची ॲपमध्ये काही सोय नाही, ते त्यांच्या त्यांच्यात जिन्यात बोलून कळतं तेवढंच. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीवरून कळतं की मशीन कुणासाठी बनवलंय.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. चोऱ्या होतात, लहान मूल सांभाळणाऱ्या बाईने मुलाला मारल्याचे व्हिडिओ येतात, आईवडील एकटे राहतात आणि बाथरूममध्ये पडले तर कळणार कसं. हे मुद्दे काही खोटे नाहीत. बाळ सांभाळायला माणूस ठेवला तर मीही कॅमेरा लावीन. पण मग मी तिला पहिल्या दिवशी सांगीन की बाई, इथे इथे कॅमेरा आहे, इथे नाही, आणि तू जेवायला बसतेस तिकडे नाही. बहुतेक घरात हे सांगितलंच जात नाही, उलट कळू नये म्हणून घड्याळात लपवलेला कॅमेरा मागवतात. दारातला कॅमेरा आणि लपवलेला कॅमेरा यात तेवढाच फरक आहे जेवढा वॉचमन आणि डोकावणाऱ्या शेजाऱ्यात.

आणि हे नुसतं बायकांपुरतं राहत नाही. आमच्या शेजारचे एक काका-काकू, मुलगा सिॲटलला, त्याने हॉलमध्ये कॅमेरा बसवून दिला, चांगल्या हेतूनेच. मग तिकडून मेसेज यायला लागले, बाबा दुपारची गोळी घेतली नाहीत, आई तू परत स्टुलावर चढलीस, टीव्ही किती वाजेपर्यंत चालू होता. काही दिवसांनी काकांनी कॅमेऱ्यावर आपली गांधी टोपी अडकवली. मुलाला सांगितलं नेट गेलंय. मुलगा म्हणतो बाबा नेट गेलं असतं तर कॅमेरा ऑफलाइन दिसला असता, हा तर ऑनलाइन आहे आणि सगळं पांढरं दिसतंय. ऐकताना हसू येतं खरं, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्याच घरात टोपी टाकून आडोसा करावा लागावा यात कुठेतरी चुकतंय हेही खरं. पडलं तर कळण्यासाठी चोवीस तास चित्र दिसायची गरज नसते, गळ्यात अडकवायचं एक बटण किंवा मनगटावरचं घड्याळ ते काम करतं, चित्र न पाठवता. पण बटण विकण्यापेक्षा दर महिन्याला क्लाउडचं भाडं देणारा कॅमेरा विकणं कंपनीला जास्त परवडतं.

इथे कंपन्यांकडे येतो. बघणारं मशीन घरात आणलं की ते फक्त आपल्यासाठीच बघतं असं समजायचं काही कारण नाही. रूम्बा नावाचा रोबो व्हॅक्यूम बनवणाऱ्या आयरोबोट कंपनीच्या टेस्टिंगच्या मशीननी 2020 मध्ये घराघरातून काढलेले फोटो, त्यात कमोडवर बसलेल्या एका बाईचा फोटोसुद्धा, सोशल मीडियाच्या ग्रुपमध्ये फिरले, ही गोष्ट 2022 च्या डिसेंबरमध्ये बाहेर आली. कंपनीचं म्हणणं असं की ती मशीनं खास होती, ती घेणाऱ्यांनी सही करून संमती दिली होती, त्याचे पैसेही मिळाले होते. असेल. पण फोटो लीक झाले ते कुणाकडून, तर व्हेनेझुएलातल्या कंत्राटी लोकांकडून, ज्यांचं काम होतं फोटोत खुर्ची कुठे, पाय कुठे, टीव्ही कुठे अशा खुणा करायच्या, म्हणजे रोबोला शिकवायचं. रोबो आपोआप शिकतो असं आपल्याला वाटतं आणि तिकडे कोणीतरी थोड्याशा पैशासाठी आपल्या बाथरूमच्या फोटोवर चौकोन काढत बसलेलं असतं. 2024 मध्ये तर इकोव्हॅक्स कंपनीचे व्हॅक्यूम रोबो अमेरिकेत हॅक झाले, आणि घरातल्या लोकांना त्या केर काढायच्या मशीनच्या स्पीकरमधून वंशावरून शिव्या ऐकायला मिळाल्या. कॅमेऱ्याचा ताबा गेला तो वेगळाच.

आणि आता नियोवर परत येऊ, कारण मला त्यातला खरा मुद्दा सापडला तो व्हिडिओच्या शेवटी-शेवटी. हा रोबो सगळी कामं स्वतःच्या अकलेने करत नाही. जे येत नाही ते करायला कंपनीचा माणूस दूर कुठेतरी डोळ्यांना व्हीआर हेडसेट लावून बसतो, रोबोच्या डोळ्यांतून तुमचं घर बघतो आणि त्याचे हात हलवतो. आधीपासून वेळ ठरवून, तुमच्या परवानगीने, घरातल्या माणसांचे चेहरे धूसर करायची सोय वगैरे आहे, कंपनीने हे लपवलेलं नाही हे मान्य करायला हवं. पण म्हणजे सतरा-अठरा लाख मोजून घरात आणलेल्या त्या मशीनच्या आत शेवटी मावशीच आहे, फक्त ती आता दिसत नाही, तिला चहा विचारायला लागत नाही.

दुसरीकडे, नोव्हेंबर 2025 मध्ये तामिळनाडूतल्या करूरची बातमी आली होती. करूर म्हणजे टॉवेल-चादरींचं गाव, आपल्याकडचं सोलापूर-इचलकरंजी म्हणा. तिथे कामगार कपाळाला कॅमेरा बांधून टॉवेलच्या घड्या घालतात, तासनतास, ठरलेल्या पद्धतीने, का तर ते व्हिडिओ अमेरिकेतल्या कंपन्यांना रोबो शिकवायला हवेत. हात कसा वळला, कुठे किती दाब दिला, घडी चुकली तर तो व्हिडिओ बाद. मला हे वाचून पहिल्यांदा काय वाटलं सांगू, की हे कौशल्य आहे हे कुणीतरी शेवटी कबूल केलं. आजवर घडी घालणं, केर काढणं म्हणजे अकुशल काम, कुणीही करेल, म्हणून मजुरी कमी. आता त्याच हातांची नक्कल करायला जगातल्या शहाण्या इंजिनियरांना घाम फुटतोय. पण त्या हाताच्या मालकाला मिळतो तो दिवसाचा पगार, पुढे त्या व्हिडिओवर शिकलेले रोबो किती विकले गेले याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. एकीकडे लांब बसून चालवता येणारा रोबो, दुसरीकडे कमी पगारात दिवसभर बसणारी माणसं. म्हणजे आज जसं अमेरिकेतल्या बँकेचा फोन रात्रभर जागून पुण्यातला पोरगा उचलतो तसं उद्या टेक्सासमधलं बेसिन पिंपरीतली बाई हेडसेट लावून घासेल, यात तांत्रिकदृष्ट्या अशक्य असं फारसं काही राहिलेलं नाही, नेटचा वेग आणि हाताची सफाई एवढाच प्रश्न. आणि मग ती घरी जाऊन स्वतःची भांडी हातानेच घासेल. हे वाईटच असेल असं मी म्हणत नाही, उन्हापावसात चार मजले चढण्यापेक्षा एका जागी बसून काम, ठरलेले तास, पीएफ, कदाचित तिलाच आवडेल. टोक्योत निहोनबाशीला 2021 पासून एक कॅफे चालतो, तिथले ओरिहिमे रोबो लांबून चालवतात ती माणसं अपंग आहेत, काही अंथरुणाला खिळलेली आहेत, आणि ती गिऱ्हाइकाशी स्वतःच्या नावाने बोलतात, गप्पा मारतात. मशीन तेच, पण आतला माणूस लपवायचा की दाखवायचा एवढ्यावरून सगळं बदलतं.

आपल्याकडे सध्या तरी कल लपवायचाच दिसतो. रोबो नाही तर नाही, माणसालाच रोबोसारखं बोलवायचं. मार्च 2025 मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला बाई अशी सेवा काढली, सुरुवातीचा दर तासाला 49 रुपये, नाव इन्स्टा मेड्स. नावावरून इतकी बोंब झाली की ते बदलून इन्स्टा हेल्प केलं. नाव बदललं, पंधरा मिनिटं तशीच. आता अशी बरीच ॲप आलीत. एक मान्य, यात पैसे वेळेवर खात्यात येतात, काही ठिकाणी विमा मिळतो, आणि घराघरात पगारासाठी हात पसरावे लागत नाहीत, ही लहान गोष्ट नाही, नेहमीच्या मावशींना यातलं काहीही मिळत नाही हे आपण आधी कबूल करू. पण बटण दाबलं की आली, काम झालं की गेली, नावही माहीत नाही, हे अंगवळणी पडलं की मग उद्या तिच्या जागी खरंच मशीन आलं तरी आपल्याला फरक कळणार नाही, हे मला जरा भीतीदायक वाटतं.

मग खरं ऑटोमेशन, काम कमी करणारं, आपल्याकडे झालंच नाही का? झालं की. गावाकडे जाऊन बघा. नगर जिल्ह्यात माझ्या मामांकडे शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, त्या रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, थंडीत, साप-विंचवाची आणि आता बिबट्याची भीती. स्टार्टरला मोबाईल जोडायचं ते डबडं आलं आणि हे थांबलं. त्यात एक सिम असतं, अंथरुणातून फोन लावायचा, पलीकडून बाई सांगते लाइट आहे की नाही, एक दाबलं की मोटर सुरू, विहिरीतलं पाणी संपलं तर आपोआप बंद. तीन-चार हजारांचा मामला. त्याला वायफाय लागत नाही, अमेरिकेतला सर्व्हर लागत नाही, कॅमेरा नाही, महिन्याचं भाडं नाही, बिघडलं तर तालुक्याच्या गावातला पोरगा उघडून दुरुस्त करतो. नाहीतर 20 ऑक्टोबर 2025 ला, आपली नरकचतुर्दशी होती त्या दिवशी, ॲमेझॉनचे सर्व्हर पडले तर तिकडे लोकांचे नेटवर चालणारे हजारो डॉलरचे पलंग तिरके ते तिरकेच अडकून बसले, काही तापत राहिले. पलंगाला इंटरनेट कशाला लागतं हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि अगदी शेतातलं ऑटोमेशनही प्रत्येकाने आपापलं केलं की काय होतं तेही तिथेच दिसतं. मोबाईल स्टार्टरच्या आधीपासून लोकांनी ऑटोस्विच बसवले होते, लाइट आली की मोटर आपोआप सुरू. झालं असं की लाइट येताच सगळ्यांच्या मोटरी एका क्षणी सुरू व्हायच्या आणि डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळायची, मग आठ-आठ दिवस सगळेच अंधारात. महावितरण वर्षानुवर्षं घसा फोडून सांगतंय, ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. म्हणजे मशीन आपल्या घरापुरतं शहाणं असून भागत नाही, त्याचे चार लोकांत नियम लागतात, आणि ते मशीन आल्यावर करत बसलं की डीपी जळून झालेली असते.

शहरातल्या घरांच्या बाबतीत नियमांची अवस्था अशी आहे. 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घरकामगार बाईसाठी आपलं राहतं घर हे कामाचं ठिकाण मानतो. आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की कुणी व्यक्ती आपल्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी डेटा वापरत असेल तर हा कायदा तिथे लागू नाही. म्हणजे एकाच स्वयंपाकघराला एक कायदा कामाची जागा म्हणतो आणि दुसरा खाजगी जागा, आणि ओट्यावरच्या कॅमेऱ्यात दिवसभर दिसणारी बाई बरोबर या दोघांच्या फटीत पडते. ऑफिसात एचआरला विचारता येतं की माझं फुटेज किती दिवस ठेवता, हिने कुणाला विचारायचं? महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे, त्यात नोंदणी आणि मदतीच्या योजना आहेत, कॅमेऱ्याचा विषय तेव्हा नव्हताच. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने घरकामगारांसाठी वेगळा कायदा करता येईल का ते बघायला समिती नेमा असं केंद्राला सांगितलंय. तो कायदा होईल तेव्हा त्यात किमान वेतन आणि सुट्टीबरोबर हेही हवं, कॅमेरा असेल तर कामाला ठेवतानाच सांगायचा, तिच्या जेवायच्या आणि कपडे बदलायच्या जागेत नाही, आणि फुटेज पगार कापायला वापरलं तर ते तिलाही बघायला मिळालं पाहिजे. गेटवरच्या ॲपचं तर सोपं आहे, तिथे डेटा कंपनीकडे जातो, घरगुती कारणाची पळवाट कंपनीला नाही, डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघालेत आणि मुख्य तरतुदी 2027 पासून लागू होतायत.

हो, आणि बायकांच्या कामाचं म्हणाल तर केंद्र सरकारचाच 2024 चा वेळ-वापर सर्व्हे आहे, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, ते करणारे पुरुष 88. म्हणजे मशीन येईल तेव्हा येईल, तोवर या दोन आकड्यांतली दोनशे मिनिटं कमी करायला कुठलंही बुकिंग करावं लागत नाही, कंपनीचा सर्व्हरही लागत नाही, सोफ्यावरून उठावं लागतं. ग्रुपवर रोबोचा व्हिडिओ टाकणाऱ्यांत पुरुष जास्त होते हे जाता जाता.

सोसायटीच्या पातळीवर तर कुठल्याच कायद्यासाठी थांबायची गरज नाही. सप्टेंबर संपायच्या आत एजीएम, म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा, घ्यावीच लागते, त्यात ठराव करता येतो. आमच्याकडे मी तीन गोष्टी लिहून दिल्यात, ॲपमधलं बायकांचं रेटिंग बंद करा, येण्या-जाण्याच्या नोंदी तीन महिन्यांनी पुसा, आणि चेहऱ्याचं मशीन चाललं नाही तर वॉचमनने नाव लिहून लगेच आत सोडा. सेक्रेटरी म्हणाले शेवटचं लगेच करू, नोंदींचं कंपनीला विचारतो, पण रेटिंग बंद केलं तर लोक ओरडतील. मी म्हटलं मग रेटिंग ठेवा, पण दोन्ही बाजूंनी ठेवा, मावशींना पण घरांना स्टार देऊ दे, आणि नवीन भाडेकरूला ते दिसू देत. यावर कमिटीतले दोघं खुर्चीत सावरून बसले आणि विषय पुढच्या मीटिंगला ढकलला गेला.